वाघिणीला कोणी हात लावायचा नाही

आमच्या चाळीत आजारी माणसाला बघायला येतात. भेटायला नाही, बघायला. आणि बघायला यायचं म्हणजे आजारी माणसाने झोपलेलं असायला हवं, एवढी साधी अपेक्षा असते. माणूस शहाळं घेऊन लाकडी जिने चढून येतो, आणि तुम्ही खुर्चीत बसून पाय हलवत मोबाईल बघताय म्हटल्यावर त्याला फसवल्यासारखं वाटतं. शेजारच्या राधाबाईंनी तर मला एकदा तोंडावरच सांगितलं, "अगो, पड ना जरा. मी आलेय."

मी पडले. त्या खूश झाल्या. पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "किती वाळली गो पोर."

मी अपूर्वा. लालबागची, वय वीस. आमच्या चाळीच्या क्रीडा मंडळाच्या मुलींच्या कबड्डी संघात चढाई करायचे. गेल्या वर्षी छातीत गाठ निघाली आणि लिम्फोमा म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, हे मला कळलं. चाळीला मात्र तो शब्द माहीत नाही, म्हणजे माहीत आहे पण तोंडातून निघत नाही. सगळे 'ते' म्हणतात. "तुला ते झालंय ना गं?" पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, त्याच आदराने.

आमच्याकडे तर आदराचा पूरच आला. ज्या आईने मला लहानपणापासून उठता बसता शिव्या घातल्या, चपलेपासून ते टीव्हीच्या आवाजापर्यंत सगळ्यावरून ओरडली, ती बायोप्सीच्या आदल्या दिवशी शेवटची ओरडली. त्यानंतर एकदम बंद. एकदा माझ्या हातून दुधाचं अख्खं पातेलं सांडलं. मी मान खाली घालून वाट बघत उभी राहिले. आई गुडघ्यावर बसून दूध पुसत म्हणाली, "असू दे हो. दुसरा तापवूया." मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. म्हटलं, मी नक्की मरणार आहे आणि हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त मलाच सांगत नाहीत.

मरणार वगैरे नव्हते. औषधांनी गाठ विरघळली, स्कॅन स्वच्छ आला, चाळीने पेढे खाल्ले. "सुटलीस बाई," सगळे म्हणाले. खरं सांगायचं तर तेव्हाच माझं बिनसलं. किमो चालू होती तोवर काहीतरी काम होतं, ओकायचं का होईना. सगळं संपल्यावर मी नुसती पडून पंख्याकडे बघायची. खोकला आला की वाटायचं, आली परत. स्वतःच्या अंगाचा राग यायचा, घरातल्याच माणसाने चोरी करावी तसा. कपाटावर ठेवलेल्या कबड्डीच्या बुटांकडे बघवायचं नाही. रात्री झोप नाही, दिवसा जाग नाही.

यावर चाळीकडे औषधं भरपूर होती. एकाने सकारात्मक विचारांचे मेसेज पाठवले, सूर्योदयाच्या फोटोसकट. दुसऱ्याने आरशात बघून रोज 'मी आनंदी आहे' म्हणायला सांगितलं. मी म्हटलंही. आरशात भुवया नसलेली मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, मी आनंदी आहे. दोघींचाही विश्वास बसला नाही.

मग परळच्या हॉस्पिटलात भाविका मॅडम भेटल्या. फिजिओथेरपिस्ट. बुटक्या, भराभर बोलणाऱ्या, घड्याळ उजव्या हातात. मी त्यांना सांगितलं, झोप येत नाही, रडू येतं, कशात मन लागत नाही.

"दिवसभर काय करतेस?"

"पडून असते."

"मग रात्री झोप कशी येणार? स्टॉक संपला ना. चल, ऊठ."

हॉस्पिटलात चादरी ठेवायच्या खोलीशेजारी एक हॉल होता. तिथे आमच्यासारख्या तरुण पोरापोरींचा व्यायाम चालायचा. चालणं, वाकणं, रबरी पट्टे ओढणं, एकमेकांकडे चेंडू फेकणं. मॅडम म्हणायच्या, याने थकवा उतरतो, मनावरचं ओझं हलकं होतं, असं आता जगभरचे डॉक्टर सांगायला लागलेत. मला वाटलं, आरशासारखंच काहीतरी असणार. पण तिथे एक गोष्ट वेगळी होती. कुणी कुणाकडे 'बघत' नव्हतं. माहीमच्या कोळीवाड्यातला निमेश पायात सळी घालून घेतलेली असताना डंबेल्स मारायचा आणि सांगायचा, "माझी आय रोज सकाळी माझे डोळे ताणून बघते. पापलेटाचे कल्ले उघडून बघतात ना, ताजा हाय का, तसं." कितीतरी दिवसांनी मी पोट धरून हसले. आणि घरी येऊन, घामट अंगाने, मेल्यासारखी झोपले. सकाळी उठल्यावर लक्षात आलं की पाय दुखताहेत. औषधाने नाही, वापरल्याने. हे दुखणं मला ओळखीचं वाटलं.

मॅडमनी घरीही रोज चालायला सांगितलं. आमची गॅलरी लांबलचक, चालायला उत्तम. पण प्रत्येक खोलीला दार असतं आणि प्रत्येक दारात एक काकी असते. पहिल्या दारात, "कुठे चाललीस? बस." दुसऱ्यात, "घावन खा गरम." तिसऱ्यात, "कोण म्हणालं चालायला? डॉक्टरांना काय कळतं?" पहिल्या आठवड्यात माझं चालणं काही वाढलं नाही, वजन वाढलं. शेवटी मी हॉस्पिटलपर्यंत चालत जायला लागले. रस्त्यावर कुणी घावन देत नाही.

महिने गेले. केस आले, आधी मऊ मऊ, मग नेहमीसारखे हट्टी. दम वाढला. एक दिवस मॅडमनी मला हॉलच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाल्या, "तुझं ते कबड्डी कबड्डी बोल. एका श्वासात. बघू." मी बोलले. थांबले तेव्हा निमेश म्हणाला, "बस कर बाय, आम्हाला गुदमरायला झालं." मग डॉक्टरांनी रक्त तपासलं, किमोसाठी छातीत बसवलेलं पोर्ट तर कधीच निघालं होतं, आणि खेळायची परवानगी दिली. दमलीस की थांबायचं, एवढीच अट. मी घरी न जाता थेट चाळीमागच्या मैदानावर गेले.

आता रुपालीबद्दल सांगायला हवं. रुपाली आमची डावी कोपरारक्षक. घोटा पकडण्यात तिचा हात धरणारी परळ-लालबागमध्ये नाही. शाळेपासूनची मैत्रीण. आवाज असा की ती खाली मैदानात बोलली की आमच्या खोलीतली मांजर जागी व्हायची. आजारपणात तीसुद्धा मला बघायला यायची, आणि हळू आवाजात बोलायची. रुपाली! हळू आवाजात! मला उशी फेकून मारावीशी वाटायची.

त्या संध्याकाळी मी मैदानात उतरले तेव्हा पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी चढाईला गेले. हात लांबवला तर एक पोरगी बाद, पाय फिरवला तर दुसरी बाद. कोपऱ्यात गेले तर रुपाली दोन पावलं मागे सरकली. मला वाटलं, वा, मी अजून आहे. दुसऱ्या चढाईत मी मुद्दाम गचाळ पाय टाकला, अगदी रुपालीच्या हाताखाली, देवापुढे नैवेद्य ठेवावा तसा. ती बघत राहिली. मग माझा स्पर्शसुद्धा झालेला नसताना कुणीतरी "बाद, बाद" म्हणत बाहेर गेली.

मी रुपालीला व्यायामशाळेच्या मागे गाठलं. "काय चाललंय?"

"काही नाही गं," ती हळू आवाजात म्हणाली.

"हळू बोललीस तर थोबाडीन."

मग तिने सांगितलं. माझी स्कॅनची तारीख होती त्या दिवशी माझी आई पूर्ण संघाला घेऊन व्यायामशाळेतल्या मारुतीसमोर गेली होती. गाऱ्हाणं घातलं. नारळावर एकेकीचा हात ठेवून वदवून घेतलं, ही परत मैदानात आली तरी तिच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही. मग तो नारळ फोडला आणि वाटला.

"खोबरं खाल्लंय गं आम्ही," रुपाली म्हणाली. "सगळ्यांनी."

कायदा मोडता येतो, कोर्टात अपील करता येतं. पोटात गेलेल्या खोबऱ्याला अपील नाही.

मी तरातरा घरी गेले आणि आईशी भांडले. म्हणजे मी एकटीच भांडले. "मला खेळायचंय, खेळल्यासारखं करायचं नाहीये," मी ओरडले. "मला कोणी धरणारच नसेल तर मी पळू कशाला?" आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दूध घेतस थोडा?" भिंतीशी भांडले असते तर निदान पोपडे तरी पडले असते.

तेवढ्यात रामदासकाका आले. आमच्या मंडळाचे सेक्रेटरी. चाळीत कुठेही काही चांगलं किंवा वाईट घडलं की त्याचा कार्यक्रम करणं हे त्यांचं काम. त्यांना कळलं होतं की मी मैदानात उतरले. शेजारच्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये हर्षवर्धन साहेबांची कंपनी होती, तिला समाजकार्य करायचं होतं, आणि आमच्या मंडळाला नवीन मॅट हवी होती. रामदासकाकांनी या तीन गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या.

"सदिच्छा सामना!" काका म्हणाले. "लालबागची वाघीण विरुद्ध बाकीच्या. साहेब स्वतः येतायत."

"मी वाघीण नाहीये काका."

"बॅनर छापायला गेलाय," काका म्हणाले. म्हणजे विषय संपला.

बॅनर लागला चौकात. वर पदाधिकाऱ्यांचे फोटो, मोठे, गॉगल लावून. मध्ये साहेब. आणि खाली मी. माझा आजारपणातला टकलाचा फोटो बरा दिसत नाही म्हणून जुना घेतला होता. इथपर्यंत ठीक. पण फ्लेक्सवाल्याकडे एकट्या माणसाच्या फोटोसाठी एकच डिझाईन तयार होतं. त्यामुळे माझ्या दोन्ही बाजूंना दोन समया तेवत होत्या आणि डोक्यामागे ढग होते. 'कर्करोगाशी झुंज देणारी लालबागची वाघीण' ही ओळ बसमधून जाणाऱ्या माणसाला वाचायला कुठे वेळ? समया मात्र लांबून दिसतात.

दुसऱ्या दिवशी चिंचपोकळीची आत्या रडत जिना चढली. मी गॅलरीत दोरीवरच्या उड्या मारत होते. आत्या मला बघून मटकन खालीच बसली. तिला पाणी दिलं, वारा घातला. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "मेले, पडून राहायला काय होतं तुला?" त्या आठवड्यात माझ्यासाठी आणखी सहा-सात माणसं सांत्वनाला येऊन गेली. निमेशने फोन केला, "ढगात रेंज बरी येते का गं?" काकांना जाऊन सांगितलं तर म्हणाले, "पब्लिसिटी झाली ना!"

सामन्याचा दिवस उजाडला. मैदानाभोवती माणसंच माणसं. नवीन मॅट अंथरलेली. साहेब बूट न काढताच मॅटवर आले. त्यांनी भाषण केलं. म्हणाले, कॅन्सर हा फक्त एक शब्द आहे, खरा कॅन्सर नकारात्मक विचारांचा असतो. पहिल्या रांगेत भाविका मॅडम होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. साहेब म्हणाले, अपूर्वाने आपल्याला लढायला शिकवलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या गळ्यात झेंडूचा हार होता, जवळपास माझ्याच वजनाचा. हार उतरवला आणि पहिल्या चढाईला गेले.

मध्यरेषा ओलांडली आणि पोरी पडायला लागल्या. उजव्या कोपऱ्यातली माझ्या सावलीला लागून बाद झाली. एकीने तर साहेबांच्या फोटोग्राफरकडे बघून, त्याचा कॅमेरा तयार आहे याची खात्री करून लोळण घेतली. माईकवर रामदासकाका, "वाघिणीची झेप! वाघिणीची झेप!" लोक टाळ्या वाजवत होते, बायका डोळे पुसत होत्या. पुन्हा गेले, पुन्हा तेच. माझ्या नावावर गुणांची रास पडत होती आणि मला तोंड लपवून पळावंसं वाटत होतं.

मग ठरवलं, कोणी बाद करत नाही ना, आपणच बाद होऊ. पुढच्या चढाईत मी मुद्दाम मैदानाच्या रेषेबाहेर पाय टाकला. चांगला दणकून टाकला. पंच होते तिसऱ्या मजल्यावरचे उत्तमकाका. ते माझ्या पायाकडे बघून म्हणाले, "मॅट नवीन आहे, रेषा जरा वाकडी पडलीय. चालू दे." त्याच्या पुढच्या चढाईत मी समोरच्यांच्या अंगणात मधोमध जाऊन कबड्डी म्हणणंच थांबवलं. दम सोडला की चढाई करणारी बाद, हे लालबागच्या तान्ह्या पोरालाही कळतं. उत्तमकाका बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. त्यांच्या पायात चप्पल होती.

मी तिथे उभी राहिले. गप्प. सगळे टाळ्या वाजवत होते. माझ्यासमोर रुपाली वाकून, हात पसरून, पकडीच्या पवित्र्यात उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला समजलं की हे आता असंच राहणार. मी काहीही केलं तरी पोरी पडणार, दूध पुसलं जाणार, माझं कधीच काही चुकणार नाही. गाठ गेली पण मी काही परत आले नव्हते. मला भर मैदानात रडू फुटलं.

"आनंदाश्रू!" काका माईकवर म्हणाले.

आणि पहिल्या रांगेतून आई उठली. साडीचा पदर कमरेला खोचलेला, हातात कुणीतरी दिलेला गुच्छ. तिने एकदा माझ्याकडे नीट बघितलं. बघायला येतात तसं नाही, बघितलं. मग तिने गुच्छ खुर्चीवर टाकला.

"रुपाली!" ती गरजली. "बघतस काय? धर तिका!"

टाळ्या थांबल्या. माईकची तेवढी किरकिर ऐकू येत होती.

"काकी, खोबरं खाल्लंय!" रुपाली ओरडली. तिच्या जुन्या, मांजर उठवणाऱ्या आवाजात.

"मारुतीचा काय तां मी बघतंय! तू धर गो तिका!"

मी डोळे पुसले. मध्यरेषेवर मागे गेले, श्वास भरला आणि पुन्हा आत शिरले. यावेळी खरी. डावीकडे झुकायचं दाखवलं, उजवीकडे वळले, बोनस रेषेपर्यंत पोचले, एकीला हाताने टिपलंही, खरोखर टिपलं, ती चिडलीसुद्धा. परत फिरताना क्षणभर वाटलं, सुटले. आणि घोट्याला पकड बसली. रुपालीचे दोन्ही हात. मी तोंडावर आपटले. वर आणखी दोघी येऊन पडल्या. मी हात लांबवला, मध्यरेषा वीतभर लांब होती. बोटं मॅटवर घासत राहिली आणि दम संपला.

"डॉक्टर! डॉक्टर!" रामदासकाका माईकवर ओरडले. साहेब उभे राहिले. त्यांच्या फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. राधाबाई किंचाळल्या, "मारलीन गो पोरीक!" लोक रुपालीला शिव्या घालायला लागले. उत्तमकाका शिट्टी तोंडात धरून रामदासकाकांकडे बघत होते.

तीन पोरींच्या खालून मी ओरडले, "बाद द्या ना काका! हात वर करा! मी बाद आहे!"

उत्तमकाकांनी हात वर केला. मागून कुणीतरी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की ती फक्त माहीमचीच असू शकते. भाविका मॅडम उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, एकट्याच. मी मॅटवर पडून हसत होते आणि रुपाली अजून माझा घोटा सोडायला तयार नव्हती.

मॅट मंडळाला मिळाली. त्या संध्याकाळच्या फोटोंत पकडीचा फोटो नाही.

घरी आल्यावर आईने माझा सोललेला गुडघा धुतला आणि हळद भरली. मग सुरू झाली.

"डोळे खय होते तुझे? कोपऱ्यात रुपाली आसा ह्या माहीत नाय तुका? पाय मागे रवलो तुझो! लहान असल्यापासून सांगतंय, परतताना पाय ओढून घे, पाय ओढून घे. ऐकशीत तर शप्पथ! बोनसची हाव कित्याक? आणि ते केस, बघ कसे झालेत. ह्या अंगाने भिंतीक टेकू नको, हळद लागतली!"

आवाज एवढा चढला की राधाबाई शहाळं घेऊन दारात आल्या. "काय झालं? अगो अंबिका, ओरडतेस काय आजारी पोरीवर? तू पड गं अपूर्वा."

"कोण आजारी?" आई त्यांच्याच अंगावर गेली. "तां शहाळां तुम्हीच पिया."

मला हुंदका आला. मग आवरेचना. आईचा हळदीचा हात जागीच थांबला आणि तिचा चेहरा परत तसा व्हायला लागला, दूध पुसतानाचा.

"दुखता काय गो?" तिने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तू ओरड."